खुराड्यातली घरघर

“पिल्लं शिंकतायत, काय देऊ?” पावसाळ्यात तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एखाद्या पशुखाद्याच्या दुकानासमोर तासभर थांबलं, तर हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतो. दुकानदार मागच्या फळीवरून पिवळ्या पावडरीची पुडी काढतो, “पाण्यातून द्या, पाच दिवस,” म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पुडीत बहुधा ऑक्सिटेट्रासायक्लिन असतं. काही पिल्लं बरी होतात, काही दगावतात; जी वाचली ती पुडीमुळे की आपोआप, याचा पत्ता कुणालाच लागत नाही. दुकानदाराला तरी काय बोल लावणार? त्याने पिल्लू पाहिलेलंच नसतं, आणि “शिंकतायत” हे वर्णन खाद्याच्या धुळीपासून राणीखेत रोगापर्यंत कशालाही लागू पडतं.

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्याच्या दाराशी प्रयोगशाळा नसते. कान, डोळे, नाक आणि थोडी सबुरी एवढ्या भांडवलावर मात्र बरंच काही कळतं. आवाजावरून रोगाचं नाव कळत नाही, पण बिघाड श्वासमार्गात साधारण कुठे आहे हे कळतं. त्याला पिल्लाचं वय आणि आजार किती वेगाने पसरला ही माहिती जोडली, की दहा शक्यतांपैकी दोन-तीन उरतात. तेवढं झालं तरी पुढचं पाऊल सरळ पडतं.

आधी श्वासाची वाट पाहू. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं आणि आपली फुप्फुसं फुगतात, आकसतात. कोंबडीला तसं श्वासपटल नाही. तिची फुप्फुसं लहान असतात, पाठीच्या बाजूला बरगड्यांत रुतून बसलेली, जवळजवळ न फुगणारी. हवा आत ओढायचं आणि बाहेर लोटायचं काम वायुकोश करतात. मानेच्या बुडापासून पोटापर्यंत पसरलेल्या या आठ-नऊ पातळ पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या चालतात. छातीचं हाड खाली गेलं की त्या भरतात, वर आलं की रित्या होतात. ताजी हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसांत, मग पुढच्या पिशव्यांत आणि शेवटी बाहेर. एका वेळी आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते, म्हणून प्राणवायू शोषून घेण्यात पक्ष्यांचा हात कुणी धरत नाही.

या रचनेचे तोटेही आहेत, आणि पिल्लांच्या आजारात तेच आडवे येतात. श्वास घ्यायचा तर छातीचं हाड हलायलाच हवं. घरातलं लहान मूल पिल्लाला मायेने मुठीत घट्ट धरतं तेव्हा त्याची चोच, नाकपुड्या सगळं मोकळं असूनही पिल्लू गुदमरतं. तपासायला पिल्लू उचलाल तेव्हा त्याला ओंजळीत बसवा, छातीवर दाब नको. दुसरी गोष्ट म्हणजे धूळ, बुरशीचे बीजाणू, जंतू हे हवेबरोबर थेट पोटातल्या पिशव्यांपर्यंत पोचतात, आणि त्या पिशव्यांना रक्तपुरवठा अगदी बेताचा. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे उशिरा पोचतात आणि औषधही उशिरा पोचतं. एकदा वायुकोशांत पू धरला की आजार रेंगाळतो तो यामुळे. शिवाय श्वासपटल नसल्याने आपल्यासारखं खाकरून घशातला कफ उडवणं कोंबडीला फारसं जमत नाही. डोकं झटकायचं, मान ताणायची, एवढंच तिच्या हाती.

पिल्लाच्या बाबतीत यात दोन अडचणींची भर पडते. त्याची श्वासनलिका बारीक काडीएवढी. मोठ्या कोंबडीला जाणवणारही नाही इतका चिकटा तिथे वाट अडवतो. आणि आईकडून अंड्यातल्या बलकावाटे आलेली रोगप्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांत उतरत जाते, तेव्हा स्वतःची अजून पुरती तयार झालेली नसते. पिल्लांचे श्वसनाचे आजार साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता कान लावायचा. दिवसा चिवचिवाटात काही लागत नाही, म्हणून रात्री पिल्लं निजल्यावर खुराड्याजवळ दोन-चार मिनिटं गप्प उभं राहावं. ज्याचा संशय येईल ते पिल्लू उचलून त्याची पाठ कानाशी धरावी. नुसती शिंक, म्हणजे बारीक “फिस्” असा आवाज, डोकं झटकणं आणि नाकपुड्यांशी ओलं किंवा वाळलेलं चिकट खाद्य दिसलं तर दुखणं वरच्या टोकाला, नाकात आहे. डोळ्याच्या खालचा भाग फुगला, डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आला, तर ते नाकालगतच्या पोकळ्यांत उतरलं. श्वास घेताना ओलसर खुरखुर, घरघर ऐकू येते, मान ताणून चोच उघडली जाते, ते श्वासनलिकेचं. आणि आवाज जवळजवळ नाहीच, पण पिल्लू चोच वासून धापा टाकतंय, प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होतेय, ते फुप्फुस आणि वायुकोशांचं. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट आणि नेमका तोच निसटतो, कारण आपण आवाज शोधत असतो.

चोच उघडून टॉर्चच्या उजेडात टाळूही बघून घ्या. टाळूला मधोमध एक उभी फट असते, नाकाची वाट तिथे तोंडात उघडते. निरोगी पिल्लाची फट गुलाबी आणि स्वच्छ दिसते. तिथे चिकट धागे, पिवळट खडे किंवा सूज असेल तर नाकाचा आजार नक्की. घशात पांढरे-पिवळे चट्टे असतील, ते ओढल्यावर रक्त येत असेल, तर कोंबड्यांच्या देवीचा तोंडात होणारा प्रकार आठवावा. पावसाळ्यानंतर डास वाढले की तो येतो. चट्टे उपटत बसू नये. चट्ट्यांऐवजी मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले आणि पिल्लांना महिनोन्महिने नुसता तांदळाचा कोंडा आणि कणी मिळत असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची वानवा असू शकते. शेवग्याचा पाला, पालक, पिवळा मका हे त्यावरचं स्वस्त उत्तर.

सगळ्याच चोच वासण्याला आजार समजू नये. कोंबडीला घाम येत नाही. उन्हात ती चोच उघडून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकते. सगळी पिल्लं एकदमच तसं करत असतील आणि सावलीत नेल्यावर थांबत असतील, तर ते नुसतं उकडणं. खाद्य गळ्याखालच्या पिशवीत सरकवण्यासाठी पिल्लू मान वेडीवाकडी करून जांभई दिल्यासारखं करतं, तेही सोडून द्या. बारीक दळलेलं कोरडं खाद्य टाकल्यावर चार शिंका येणारच. आणि राणीखेतची लासोटा लस दिल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास पिल्लं थोडी शिंकतात. लसीतला सौम्य विषाणू नाकात वाढतो, त्याची ती खूण. चार-सहा दिवसांत ते आपोआप बसतं. हे माहीत नसल्याने लोक लसीलाच दोष देतात आणि पुढची मात्रा टाळतात, आणि ती चूक उन्हाळ्यात अंगाशी येते.

हे सगळं वगळूनही आवाज उरला, तर औषधाच्या आधी हवा तपासावी. परसातल्या पिल्लांच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ खुराड्यातल्या हवेत असतं असं माझं मत आहे, आणि ते बदलावं असं काही मला अजून दिसलेलं नाही.

विष्ठेतल्या युरिक आम्लावर ओलाव्यात जंतू काम करतात आणि अमोनिया सुटतो. पाण्याच्या भांड्याभोवती तूस भिजलेलं असतं, वरून दिवा तापत असतो आणि गारठ्याच्या भीतीने चारी बाजूंनी गोणपाटं बांधलेली असतात. अमोनियाला याहून सोयीची जागा नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांची लव असते; ती सतत वरच्या दिशेने हलत राहते आणि चिकट्यात अडकलेली धूळ, जंतू घशाकडे ढकलते. अमोनियाने ती लव आधी मंदावते, मग झडते. कचरा खालीच साचतो आणि एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही घर करतात. हवेत दशलक्ष भागांत २५ भागांपेक्षा जास्त अमोनिया पिल्लांना राहू देऊ नये, असा दंडक आहे. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, नाक असतं. मात्र ते योग्य उंचीवर न्यावं लागतं. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. खुराड्यात वाकून, पिल्लाच्या डोक्याच्या उंचीला तोंड नेऊन एक मिनिट श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांना तोच त्रास चोवीस तास होतोय. हेही सकाळी, बाहेरच्या मोकळ्या हवेतून आल्या आल्या करावं. आत थोडा वेळ काढला की नाक सरावतं.

उपाय साधा आहे. भिजलेलं तूस काढून कोरडं घालायचं, गादी दोन-तीन इंच जाड ठेवायची, पाण्याचं भांडं विटेवर किंवा जाळीवर चढवायचं. गोणपाट वरून एक वीत उघडं ठेवायचं, म्हणजे वारा पिल्लांच्या अंगावर न येता ओली हवा वरच्या वर निघून जाते. ओल्या गादीत चुना कालवायची पद्धत गावोगाव आहे. चुना ओल शोषतो हे खरं, पण त्याने गादीचा आम्लपणा जातो आणि अडकलेला अमोनिया सुरुवातीला उलट भसाभस बाहेर पडतो. पिल्लं आत असताना चुना टाकू नये. गादी बदलताना, खुराडं रिकामं असताना जमिनीला लावावा.

उबेचंही तसंच आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. गारठलेलं पिल्लू श्वसनाच्या आजाराला लवकर बळी पडतं. पिल्लामागे दोन वॅट हा जुना हिशेब पिवळ्या तापणाऱ्या दिव्यांचा होता. हल्ली लोक एलईडी टांगतात, उजेड लख्ख पडतो आणि पिल्लं खाली एकमेकांवर चढून कुडकुडत असतात. वीज गेली की शेगडी आत सरकवतात. तिचा धूर आणि कोळशाचा विषारी वायू दोन्ही त्या बारीक श्वासनलिकेत जातात. काही घरांत डास आणि गोचीड पळवायला संध्याकाळी कडुनिंबाची धुरी करतात. हेतू चांगला, पण पिल्लं आत कोंडलेली असताना तो धूर म्हणजे लव झडायला आणखी एक कारण. डालग्याखाली पिल्लं झाकून चुलीजवळ ठेवणाऱ्यांनी डालगं चुलीच्या धुराच्या वाटेत नाही ना, एवढं पाहावं. रवणीला बसलेल्या कोंबडीने काढलेल्या पिल्लांना यातलं काहीच लागत नाही. त्यांची आई हीच त्यांची ऊब, आणि ती धूर करत नाही.

हवेचाच एक भाग बुरशी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत भिजलेलं भाताचं तूस, कुबट पेंढा, भुईमुगाची बुरसटलेली टरफलं गादीला वापरली, की त्यातले अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू थेट वायुकोशांत जातात. एक ते तीन आठवड्यांची पिल्लं चोच वासून धापा टाकतात, डोळे मिटून बसतात, पटापट मरतात, पण घरघर बहुधा ऐकू येत नाही. आवाज नसलेली धाप ती हीच. मेलेल्या पिल्लाच्या फुप्फुसावर ज्वारीच्या कणीएवढ्या पिवळट गाठी दिसतात. पिल्लापासून पिल्लाला हा आजार लागत नाही. सगळ्यांनी एकच गादी हुंगलेली असते, म्हणून तो साथीसारखा भासतो. परवडेल असं औषध यावर नाही, आणि पिवळी पुडी तर अजिबातच चालत नाही, कारण प्रतिजैविकं बुरशीला मारत नाहीत. गादी बाहेर काढून जाळायची, खुराडं वाळवायचं, खाद्याचं पोतं उघडून त्यात गुठळ्या, कुबट वास आहे का ते पाहायचं. उरलेली पिल्लं त्यानेच वाचतात.

हवा ठीक निघाली तर कॅलेंडरकडे वळावं. श्वसनाच्या संसर्गांत ओळख पटवायला सर्वांत उपयोगी पडतो तो पसरण्याचा वेग.

काल एकच पिल्लू शिंकत होतं आणि आज-उद्यात सगळी शिंकतात, खुरखुरतात, दिव्याखाली गोळा होतात, डोळ्यांतून पाणी, तर संसर्गजन्य ब्राँकायटिसची शंका घ्यावी. हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याची नोंद झाली, माणसाला तो होत नाही. लागण झाल्यावर दीड-दोन दिवसांत लक्षणं दिसतात. लहान पिल्लं दगावतात, थोडी मोठी असलेली सावरतात. विषाणूवर औषध नाही. ऊब एखाद-दोन अंशांनी वाढवणं, गर्दी कमी करणं, ताजं पाणी आणि कोरडी गादी यांवरच भिस्त.

याच्या उलट चाल मायकोप्लाझ्माची. या जंतूच्या आजाराला पोल्ट्रीवाले सीआरडी, म्हणजे दीर्घकालीन श्वसनरोग, म्हणतात. आज दोन पिल्लं, आठवड्याने चार, मग महिनाभर कुणी ना कुणी शिंकतंच आहे. डोळ्यात फेस, डोळ्याखाली फुगवटा, रात्री घरघर, वाढ खुंटलेली, पण मरतूक फारशी नाही. पाऊस लागला, गारठा पडला, अमोनिया वाढला की तो उसळतो आणि हवा सुधारली की दबतो. हा जंतू अंड्यातून पिल्लात येतो, म्हणून पिल्लं आणल्यापासूनच थोडी थोडी शिंकत होती असं लोक सांगतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. एरवी पिल्लू एकट्या मायकोप्लाझ्माने सहसा मरत नाही. लव झडलेल्या नलिकेतून विष्ठेतले ई. कोलाय जंतू खाली उतरतात, वायुकोशांत पिवळा पापुद्रा धरतो आणि मग धाप लागते. इथे प्रतिजैविकांचा खरा उपयोग होतो. टायलोसिन, टेट्रासायक्लिन गटातली औषधं चालतात, पण पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत आणि पूर्ण मुदतीत. औषध चालू असताना आणि नंतर ठरावीक दिवस त्या कोंबड्यांची अंडी आणि मांस खायचं नाही, हे पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कोलिस्टिन कुणी देऊ केलं तर घेऊ नका. माणसांच्या गंभीर संसर्गात शेवटचा आधार असलेलं ते औषध २०१९ पासून आपल्याकडे खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंदी आहे.

चेहरा एका बाजूने सुजला, नाकातून पिवळट स्राव आणि जवळ नेताच नाक मुरडावं अशी घाण येते, आणि पिल्लं दोन महिन्यांच्या पुढची आहेत, तर कोरायझा. तोही एक ते तीन दिवसांत पसरतो. अगदी कोवळ्या पिल्लांत तो कमी.

आणि राणीखेत. हा विषाणू १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर नोंदला गेला. लगेच पुढे कुमाऊँमधल्या राणीखेतला साथ आली आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झालं. आपल्या गावांत त्याला मानमोडी म्हणतात, किंवा नुसतं “मर आली” म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावातली सगळी खुराडी आठवड्याभरात रिकामी होतात ती बहुधा याच्यामुळे. लस नसलेल्या कळपात तीव्र प्रकाराने शंभरातल्या नव्वदपर्यंतही कोंबड्या जातात. सुरुवात शिंक, धाप आणि घरघरीनेच होते, म्हणून पहिल्या दिवशी तो ब्राँकायटिससारखा वाटतो. पण त्याच्याबरोबर हिरवट पातळ विष्ठा येते, आणि जी दोन-तीन दिवस तगतात त्यांची मान पिळवटते, पाय किंवा पंख लुळा पडतो. श्वास आणि मान दोन्ही बिघडले की दुसरं नाव घ्यायची गरज क्वचितच पडते. उपचार काहीच नाही, लस मात्र चांगली आहे. पुण्यात औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून. थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिचकावून तो आत घेईपर्यंत हातातून सोडू नये. खाली सांडलेला थेंब म्हणजे न दिलेली लस.

परसवाल्याची खरी अडचण वेगळीच. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची, पिल्लं बारा. द्रावण केलं की दोनेक तासांत संपवायचं, तोवर बर्फात ठेवायचं, उरलेलं उद्यासाठी राहत नाही. बारा पिल्लांसाठी इतका खटाटोप कोण करणार? म्हणून वाडीतल्या दहा घरांनी एकाच सकाळी पिल्लं कोंडून ठेवावीत आणि बर्फाच्या थर्मासमध्ये एक कुपी घरोघर फिरवावी. गावात जनावरांच्या देखभालीला मदत करणाऱ्या पशुसखीच्या हातभाराने हे छान जमतं. आजारी, शिंकणाऱ्या पिल्लांना त्या दिवशी लस देऊ नये.

पावसाळ्यात अंगणात चरणाऱ्या पिल्लांना आणखी एक पाहुणा गाठतो. गांडुळातून, गोगलगायीतून एक जंत पोटात जातो आणि तिथून श्वासनलिकेत येऊन बसतो. लालभडक, दोन सेंटिमीटरपर्यंतची मादी आणि तिला कायमचा चिकटलेला बुटका नर, दोघं मिळून इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती होते. मेलेल्या पिल्लाची श्वासनलिका उभी चिरली की लाल दोरे अस्तराला लटकलेले दिसतात. पिल्लू मान ताणतं, चोच आ वासून उघडतं, डोकं झटकतं, पण ताप, फेस, वास काही नाही. आईबरोबर हिंडणारी पिल्लं धापताहेत आणि बंदिस्त पिल्लं ठणठणीत, असा फरक दिसला तर जंताचा विचार करावा. फेनबेंडाझोलसारखं जंतनाशक यावर चालतं. वजनानुसार मात्रा पशुवैद्यकाला विचारून घ्यावी.

चिरण्यावरून एक ताकीद. एक-दोन दिवसांत धडाधड कोंबड्या मरत असतील, तुरे निळे पडले असतील, आसपास कावळे, बगळे मरून पडले असतील, तर सुरी हातात घ्यायची नाही. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो पुन्हा आला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो नाल्यात टाकू नये, उरलेल्या कोंबड्या स्वस्तात विकून मोकळं होऊ नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावं. नमुने औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत जातात, आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. साधी मरतूक असेल तर ताजं मेलेलं पिल्लू दुहेरी पिशवीत बांधून, बर्फावर ठेवून, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत टोपलीत पडलेल्या पिल्लावरून डॉक्टरलाही काही सांगता येत नाही.

पहिली शिंक ऐकली त्या रात्री मग नेमकं काय करायचं? आजारी पिल्लू वेगळ्या खोक्यात, उबेला, पण धुरापासून लांब. दाणापाणी आधी निरोग्यांना, मग आजाऱ्याला, आणि मधे हात धुणं. गादीचा वास घेणं. उरलेल्यांपैकी किती खुरखुरतात ते मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवणं, दुसऱ्या रात्री पुन्हा मोजणं. डॉक्टरला फोन केला की तो हेच विचारतो, वय किती, कधीपासून, किती होती आणि किती झाली, आणि उत्तर तयार असलं तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. हळद, तुळशीचा रस, लसूण घातलेलं पाणी द्यायला हरकत नाही. पिल्लू ते पीत असेल तर निदान पाणी तरी पोटात जातं. कडू लागून पीत नसेल तर साधंच पाणी द्यावं, कारण घशातला चिकटा पातळ करायला पाण्याइतकं चांगलं काही नाही.

पिल्लं सावरल्यावरही एक हिशेब उरतो. मायकोप्लाझ्मातून उठलेली कोंबडी धट्टीकट्टी दिसते, पण जंतू तिच्यात राहतो. तिची अंडी खायला चालतात, रवणीखाली ठेवू नयेत, नाहीतर पुढची पिढी शिंकतच जन्माला येते. कोरायझातून बरी झालेलीही जंतू बाळगून असते. आठवडी बाजारातून नवी पिल्लं आणली तर ती तीन आठवडे या जुन्यांपासून लांब ठेवावीत, दोघांच्याही भल्यासाठी. बाजारातल्या त्या टोपलीत वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र आलेली असतात, ती काय घेऊन येतील सांगता येत नाही. आणि वयाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ज्यांना ब्राँकायटिस झाला, त्या तलंगांकडे सहा महिन्यांनी नीट लक्ष ठेवावं. विषाणूने कोवळ्या वयातच अंडनलिका खराब केली असेल तर तलंग वाढते, तुरा लाल होतो, खोपटात जाऊन बसते, आरवल्यासारखी ओरडतेसुद्धा, पण अंडं देत नाही. अशी तलंग खाद्य खात बसते, आणि मालक खाद्य बदलत बसतो.